कोरड्या उन्हाळ्यात हाती आलेला प्लॉट: ब्रिटनमधल्या नव्या अलॉटमेंटवाल्यांसाठी

ब्रिटनमध्ये अलॉटमेंटच्या, म्हणजे भाजी पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याच्या, यादीत नाव घालून लोक वर्षानुवर्षं वाट बघतात, आणि बोलावणं येतं ते बरेचदा भर उन्हाळ्यात. कुणीतरी कंटाळून प्लॉट सोडलेला असतो. तुम्ही किल्ली घ्यायला जाता तेव्हा कमरेएवढं गवत, भेगाळलेली चिकणमाती आणि फाटकावर लावलेली पाणी जपून वापरण्याची सूचना, एवढा ऐवज ताब्यात मिळतो. अशा वेळी आधी काय करायचं, कशाच्या नादी लागायचं नाही आणि शेजारच्या प्लॉटवाल्यांशी काय बोलायचं, ते इथे सांगतो.

इंग्लंड म्हणजे बारमाही पाऊस, ही समजूत आधी बाजूला ठेवा. लंडन आणि पूर्व इंग्लंडात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याहून कमी. फरक इतकाच की तो चार महिन्यांत कोसळत नाही, वर्षभर थोडा थोडा येतो. इथली भाजी आणि इथली माणसं त्या रिमझिमीवर पोसलेली. तीन-चार आठवडे ती चुकली की सगळ्यांची धांदल उडते, कारण विहीर नाही, पाट नाही, पाणी द्यायची सवयही नाही. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. २०२५चा उन्हाळा सरासरी तापमानात ब्रिटनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण ठरला. तेव्हा यंदा निभावून नेऊ, पुढच्या वर्षी पाऊस आहेच, असं धरून चालू नका.

अर्धाच घ्या

पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापात दहा रॉड, सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या भाषेत अडीच गुंठे. ऐकायला किरकोळ वाटतं. आता हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. वाढत्या भाजीला कडक उन्हात आठवड्याला २० ते २५ लिटर दर चौरस मीटर लागतात. अडीच गुंठ्यांतले निम्मेच वाफे लावलेत असं धरलं तरी आठवड्याला अडीच-तीन हजार लिटर. झारी दहा लिटरची. म्हणजे अडीचशे-तीनशे फेऱ्या, आणि प्रत्येक भरलेली झारी दहा किलोची.

हे कुणीच करत नाही, करू शकत नाही. तीस वर्षं प्लॉट सांभाळणारे आजोबाही करत नाहीत. ते एवढंच करतात की कुणाला पाणी द्यायचं नाही हे आधी ठरवतात. कोरड्या उन्हाळ्यातली निम्मी बागकाम-विद्या या एका निर्णयात आहे.

म्हणून अर्धा प्लॉट मिळत असेल तर अर्धा घ्या. पूर्णच घ्यावा लागला तर पाण्याच्या टाकीजवळचे दोन-तीन वाफेच लागवडीला घ्या आणि उरलेल्या भागातलं गवत बुडापासून कापून, वर पुठ्ठे किंवा काळं प्लास्टिक अंथरून तो झाकून टाका. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आणि पिना काढून घ्या. जुना गालिचा मात्र आणू नका, बहुतेक साइटवर त्याला मनाई असते आणि तो कुजायला लागला की धागे वेचता वेचता जीव जातो. झाकलेली जमीन ओल धरते, तण मरतं, आणि वसंतात ती तयार मिळते. उन्हाळ्यात सगळं खणून काढायचा उत्साह आवरा. कोरडी माती उलथली की होती नव्हती ती ओल उडून जाते.

अलॉटमेंटवाल्यांची कमिटी अधूनमधून प्लॉट बघायला येते आणि लागवड दिसली नाही तर नोटीस धाडते. सेक्रेटरीला आधीच दोन ओळींचा निरोप पाठवा: एवढा भाग लावतोय, एवढा झाकलाय, शरदात खणणार आहे. सांगून झाकलेलं आणि न सांगता टाकून दिलेलं, यात कमिटीच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

करार वाचा, पाण्याचा भाग दोनदा

भाडं आणि नियम गावोगाव वेगळे. काही गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या. पीक मुख्यतः स्वतःच्या घरासाठी काढायचं, धंद्यासाठी नाही. कोंबड्या आणि ससे पाळायला १९५०च्या कायद्याने मुभा दिली आहे, नर कोंबड्याला नाही, आणि हे ऐकून हसणारे पहाटे पाचला शेजारी आरवलं की हसायचे थांबतात.

पाण्याचं पाहायचं ते असं. नळ आहे की टाकी? बऱ्याच साइटवर पाण्याच्या उघड्या टाक्या असतात, त्यात झारी बुडवून भरायची. पाइप लावायची परवानगी एरवी तरी आहे का? पाण्याचं बिल भाड्यात धरलंय की वेगळं? मीटर एकच असतो आणि बिल सगळ्यांत वाटलं जातं, त्यामुळे एकाने पाइप चालू सोडून घरी गेलं की पुढच्या वर्षी सगळ्यांचं भाडं वाढतं. अलॉटमेंटवरच्या निम्म्या भांडणांचं मूळ हेच. आणखी एक: थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून नोव्हेंबरच्या सुमारास मुख्य पाणी बंद करतात आणि वसंतात सुरू करतात. कोरडा मार्च आला तर तेव्हाही नळ बंदच असू शकतो.

होजपाइप बॅन लागला तर

होजपाइप बॅन म्हणजे टंचाईत पाइपाने पाणी घालायला बंदी. ती पाणीपुरवठा कंपनी लावते, कौन्सिल (स्थानिक पालिका) नाही. त्यामुळे ज्या कंपनीचं पाणी साइटवर येतं तिची सूचना वाचायची. घर एका कंपनीकडे आणि प्लॉट दुसरीकडे, असंही होतं.

अलॉटमेंटला बंदी लागू नसते असं कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. ते खरं नाही. कायद्यात 'बाग' या शब्दाच्या व्याख्येतच अलॉटमेंट घातलेली आहे, आणि मोडल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पाइपाने बादली किंवा पिंप भरायचं आणि मग ते पाणी झाडांना घालायचं, ही पळवाटही कायद्याने बुजवली आहे. नळाखाली झारी धरून भरलेली चालते. टाकीत बुडवलेली चालते. पावसाचं साठवलेलं पाणी कसंही वापरा, ते कंपनीचं नाही. टायमर आणि दाब कमी करणारी झडप बसवलेलं ठिबक, किंवा ब्लू बॅज (अपंगांना मिळणारा पार्किंगचा परवाना) असलेली व्यक्ती, यांना बऱ्याच कंपन्या सूट देतात, पण सगळ्या नाही. पाहून घ्या.

घरचं आंघोळीचं, भांड्यांचं पाणी प्लॉटवर नेणारे लोक आहेत. ब्लीच किंवा कडक जंतुनाशक नसेल तर फुलझाडांना आणि फळझुडपांच्या बुडाशी चालेल. साठवून ठेवू नका, त्याच दिवशी ओता. कच्च्या खायच्या पाल्यावर नको.

कुणाला पाणी, कुणाला नाही

आता मुख्य मुद्दा. रोज सगळ्यांवर थोडं थोडं शिंपडणं हा नव्या माणसाचा हमखास उद्योग, आणि त्याने सगळ्यांचंच नुकसान होतं. ओल वरच्या बोटभर मातीतच राहते, मुळं तिच्या मागे वर येतात, आणि एक दिवस चुकला की झाड माना टाकतं.

सगळ्यात आधी रोपं: या महिन्यात पेरलेलं किंवा लावलेलं काहीही, त्याबरोबर या वर्षी लावलेली फळझुडपं. त्यांची मुळं अजून खाली गेलेली नसतात. मग पालेभाज्या. लेट्यूस, पालक, कोथिंबीर तहानले की लगेच तुरे काढतात आणि चव जाते.

त्यानंतर फुला-फळावर आलेली पिकं, आणि इथे नेमकी वेळ साधली तर थोड्या पाण्यात काम होतं. वाटाणा आणि बीन्स यांना फुलं आणि शेंगा धरताना. मक्याला तुरा निघताना आणि कणीस भरताना. बटाट्याला फुलोऱ्याच्या सुमारास, कारण तेव्हा खाली गड्डे पोसत असतात. टोमॅटोला एकसारखं पाणी हवं. चार दिवस कोरडं आणि मग एकदम दोन झाऱ्या, असं केलं की फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. लोक त्याला रोग समजून औषध शोधतात. तो रोग नव्हे: मुळाशी पाणी खंडित झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, इतकंच. कोर्जेट (झुकिनी) आणि भोपळे यांची पानं दुपारी मलूल होऊन लोंबतात, ते बघून घाबरू नका. संध्याकाळी आपोआप उभी राहतात. सकाळीसुद्धा मलूल दिसली तर मात्र पाणी द्या.

आणि ज्यांना द्यायचंच नाही ते: कांदा आणि लसूण, पात पिवळी पडून आडवी व्हायला लागली की. रुजून जुनी झालेली रुबार्ब आणि अ‍ॅस्परॅगस. पार्सनिप. हिरवळ. गाजर आणि बीटही बऱ्यापैकी सोसतात. गवत करपून पिवळं झालं तरी पहिल्या पावसात परत येतं, त्याच्यासाठी एक झारीही खर्चू नका.

पाणी देण्याची रीत

पाणी द्यायच्या आधी एक वीतभर खड्डा करा. खरंच करा, अंदाज नको. खुरपं उभं घाला, माती बाजूला सारा आणि बघा. बरेचदा दिसतं ते असं: वरची दोन बोटं काळी, ओली, खाली राखाडी, भुसभुशीत, धुळीसारखी. म्हणजे काल दिलेलं पाणी वरच्या वरच राहिलं. याउलट वर पांढरी पडलेली माती, पण वीतभर खाली मुठीत दाबली की लाडू वळतो आणि बोटाने टोचला की फुटतो: तिथे अजून वाफसा आहे, आज पाणी नको. पहिले काही आठवडे रोज हे केलं की पुढे नुसत्या नजरेला कळायला लागतं.

पाणी सकाळी लवकर द्या. संध्याकाळीही चालतं, पण रात्रभर ओली राहिलेली जमीन गोगलगायींच्या पथ्यावर पडते. भर उन्हात पानावर थेंब पडला की पान भाजतं, ही भीती बहुतांशी खोटी आहे. दुपारी पाणी द्यायचं नाही ते यासाठी की बरंच वाफ होऊन जातं. झारीची चाळणी काढा, रोपं नाजूक नसतील तर, आणि बुडाशी सावकाश ओता. थोडं ओतून पुढच्या झाडाकडे जा, पहिलं मुरलं की परत या. अगदी वाळलेली माती पहिलं पाणी धरतच नाही, ते वरून पळतं. भेगा पडल्या असतील तर आधी खुरप्याने त्या बुजवा, नाहीतर सगळं पाणी सरळ खाली.

आळं करणं इथल्या लोकांना फारसं माहीत नाही, आणि कोर्जेट, भोपळा, टोमॅटो यांच्याभोवती केलेलं साधं मातीचं आळं बघून शेजारी हमखास विचारायला येतात. दुसरा उपाय मडक्याचा. झिलई नसलेली मातीची कुंडी, खालचं भोक बुचाने बंद करून, काठापर्यंत जमिनीत पुरायची, पाण्याने भरायची आणि वर बशी झाकायची. पाणी पाझरत राहतं, मुळं तिच्याकडे वळतात. बुडाला भोक पाडलेली प्लास्टिकची बाटली उलटी रोवली तरी काम भागतं, पण तिचं पाणी लवकर संपतं.

शेडच्या छपराला पन्हाळ लावून पिंप ठेवा, पण जुलैत लावलेल्या पिंपाकडून फार आशा नको. तीन चौरस मीटर छप्पर आणि दहा मिलिमीटर पाऊस, म्हणजे जेमतेम ३० लिटर. दोनशे लिटरचं पिंप भरायला बऱ्याच सरी लागतात. ही पुढच्या मे महिन्याची तजवीज आहे, ती हिवाळ्याआधी करायची.

कोळपणी आणि आच्छादन

एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे आपल्याकडचे कोरडवाहू शेतकरी म्हणतात ते इथेही शंभर टक्के लागू आहे. वरचा बोटभर थर मोकळा केला की भेगा बंद होतात, खालची ओल वर येऊन उडत नाही, आणि तुमच्या बीन्सचं पाणी पिणारं तण उन्हात तासाभरात वाळतं. ढवळाढवळ खोल नको.

आच्छादन ओल्या मातीवरच घाला. आधी भरपूर पाणी, मग चार बोटं जाड कंपोस्ट, पेंढा किंवा लाकडाचा भुगा. कोरड्या मातीवर घातलं तर तुम्ही कोरडेपणाच जपता, वर येणारी हलकी सरही त्यातच अडकते. हिरवळीचं कापलेलं गवत पातळ थरात चालतं, फक्त त्या हिरवळीवर तणनाशक मारलेलं नको. शेणखताचंही तेच. घोड्याच्या तबेल्यातलं खत फुकट मिळतं, पण चाऱ्यावर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक वापरलेलं असेल तर ते घोड्याच्या पोटातून तसंच बाहेर येतं आणि टोमॅटो, बीन्स, बटाटा यांची पानं वेडीवाकडी वळतात. एका कुंडीत ते खत मिसळून चार बीन्स पेरा, दुसऱ्या कुंडीत नुसतं कंपोस्ट. तीन-चार आठवड्यांनी पानं सरळ असतील तरच खत वाफ्यात टाका.

पेरणी

ओळ काढा, ओळीच्या तळाशी पाणी ओता, मुरू द्या, बी टाका आणि वर कोरडी माती ओढा. वरून पाणी नको, पापुद्रा धरतो. लेट्यूसचं बी माती २५ अंशांच्या वर तापली की उगवायला नकार देतं, ते संध्याकाळी आणि सावलीत पेरा. मेथी आणि कोथिंबीर बीन्सच्या ओळीच्या उत्तरेला, तिच्या सावलीत. मुळा आणि रॉकेट (सॅलडची पालेभाजी) यांच्या पानांची चाळण झाली तर तो पिस्सू भुंगा, कोरड्या हवेत तो माजतोच. बारीक जाळी घाला. कोर्जेटच्या पानांवर पांढरी भुकटी हीसुद्धा कोरड्या मुळांची तक्रार. एकच दिलासा: पाऊस नाही म्हणजे बटाट्याचा करपाही सहसा नाही.

शेकोटी आणि बार्बेक्यू या दिवसांत विसरा, कराराने परवानगी असली तरी. १९ जुलै २०२२च्या त्या ४० अंशांच्या दिवशी लंडनच्या पूर्वेला वेनिंग्टनमध्ये गवताला लागलेल्या आगीत घरं जळली.

टाकीपाशी काय बोलायचं

'वी नीड द रेन' हा इथला रामराम आहे. उत्तरादाखल आकाशाकडे बघून मान हलवली की ओळख झाली. पुढचं बोलणं साधारण असं चालतं.

'बीन्सना फुलं आली का?'
'फुलं येतायत, शेंग धरत नाही.'
'फुलांवर पाणी मार.'
'त्याने काही होत नाही. रात्री गार व्हायला हव्यात. बुडाशी दे.'

दुसरा म्हणतो ते बरोबर, पण पहिल्याशी वाद घालू नका. सकाळी की संध्याकाळी, खणायचं की नाही, गोगलगायींना बिअर घालावी की नाही, यावर प्रत्येकाचं मत ठाम असतं. तुम्ही नवे आहात तोवर 'करून बघतो' हे उत्तर सगळ्यांना पुरतं. ऐंशी वर्षांच्या माणसालाही इथे नावाने हाक मारतात. जीभ अडखळते, पण 'मिस्टर अमुक' म्हटलं तर तेच अवघडतात.

१९७६चा विषय निघणारच. साठीच्या पुढचा प्रत्येक जण त्या दुष्काळाचा साक्षीदार आहे: रस्त्यावरच्या नळांवरून भरलेल्या बादल्या, लेडीबर्ड किड्यांचे थवे. सरकारने डेनिस हॉवेल यांना दुष्काळमंत्री नेमलं आणि थोड्याच दिवसांत पाऊस सुरू झाला, हा किस्सा तुम्ही माहीत असूनही पुन्हा ऐका. गप्पांच्या ओघात तुमच्या प्लॉटची माहिती निघते: कुठे पाणी साचतं, आधीच्याने काय पुरून ठेवलंय, कुठल्या वाफ्यात कोबीच्या मुळांना रोगाच्या गाठी आल्या होत्या. ती कुठल्याही पुस्तकात नसते.

टाकीपाशीचे रिवाज लिहिलेले नसतात. एका वेळी दोन झाऱ्या भरा, मागे कुणी असेल तर त्याला जागा द्या. मातीचे हात, फवाऱ्याची बाटली, भाजी टाकीत धुवायची नाही. टाकीत पाइप सोडून पाणी ओढायचं तर अजिबात नाही. दुसऱ्याच्या पिंपातलं पाणी म्हणजे दुसऱ्याच्या पाकिटातले पैसे. फाटक दर वेळी लावून घ्या, आत कुणी असलं तरी.

सुट्टीवर जाताना शेजाऱ्याला नुसतं 'जरा लक्ष ठेव' म्हणू नका. कोणते तीन वाफे, किती झाऱ्या, कोणत्या दिवशी, हे कागदावर लिहून द्या आणि 'त्या आठवड्यात जे पिकेल ते तुझं' हे आवर्जून सांगा. कोर्जेट आणि बीन्स तोडले नाहीत तर झाड नवं फळ धरणं कमी करतं, तेव्हा त्याने नेणं तुमच्याच फायद्याचं. परत आल्यावर त्याचा प्लॉट सांभाळायची पाळी तुमची. कोर्जेट कुणी देऊ केलं तर घ्या, ऑगस्टात नाही म्हणायची सोय नसते.

पाऊस आला की

पहिल्या सरीवर भरवसा ठेवू नका, पुन्हा वीतभर खड्डा करून बघा. अर्ध्या तासाच्या जोरदार पावसानेही कोरड्या चिकणमातीत बोटभरच ओल जाते. त्या दिवशी पाण्याला सुट्टी द्यायची की नाही ते खड्डा सांगेल.

मोठा पाऊस येणार असा अंदाज असेल तर आदल्या दिवशी रंग धरलेले टोमॅटो तोडून घरी आणा, ते एकदम आलेल्या पाण्याने तडकतात. तयार कांदा-लसूण काढून छपराखाली पसरा. जमीन खोलवर भिजली की दुसऱ्या दिवशी उरलेलं आच्छादन पसरा, रिकाम्या ओळीत पालक, मुळा आणि मेथी पेरा. मेथी सप्टेंबरच्या आत उरकली तर बरी, त्यानंतर दिवस आणि ऊन दोन्ही तिला कमी पडतात. आणि पुढच्या कमिटी बैठकीच्या विषयपत्रिकेत आणखी एका टाकीची मागणी घालायला सेक्रेटरीला लगेच लिहा. ऑक्टोबरच्या चिखलात ती कुणाला आठवत नाही.